हौशीरामआबांचा वरखर्च

अर्धे देव उजळले होते, अर्धे अजून काळेच होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि घंटा चिंचेच्या कोळानं घासून शालूबाईंनी फडक्यावर पालथी मांडली होती. गणपती हातात होता. सोंडेपर्यंत घासून झाला होता, एवढ्यात पडवीतून हाक आली.

"अगं, ऐकलंस का? ये हितं. वरखर्चाचं ठरवायचं हाय."

"देव घासतीया."

"देव कुटं पळून चाललाय? जहाज पळंल."

सोंडेपुरता पिवळाधमक आणि पोटाशी काळा असा गणपती पुन्हा चिंचेच्या पाण्यात जाऊन बसला. हात पदराला पुसत शालूबाई बाहेर आल्या.

पडवीत हौशीरामआबा मांडी घालून बसले होते. नाव हौशीराम. आईबापांनी ते पाळण्यात बाळ बघून ठेवलं. पुढं हे बाळ काय निघणार, ते त्या बिचाऱ्यांना कुठं ठाऊक. भाजे गावात लोक म्हणत, आबांच्या मुठीतून एक वेळ पाणी गळेल, रुपया गळायचा नाही. रेल्वेत ते चौतीस वर्षं चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून मळवली स्टेशनाच्या पुढंमागं रोज रुळाच्या कडेनं चालत जायचं आणि रूळ आवळून धरणारी लोखंडी चावी सैल झालेली दिसली की ठोकून घट्ट करायची, हे काम. नोकरी संपली तरी हाताची सवय काही गेली नाही. काहीही सैल दिसलं की आबा ठोकायचे. आणि घरात त्यांना सगळ्यात सैल दिसायचा तो बायकोचा हात.

चौतीस वर्षांत त्यांनी फलाटावरचा चहा विकत घेऊन प्यायला नाही. रेल्वेच्या पासावर दोघं एकदा पार रामेश्वरापर्यंत जाऊन आले. पण जाताना सगळ्या दिवसांच्या दशम्या बांधून. सहाव्या दिवशी दशमी आणि चपलेचा तळ यांतला फरक दातांना कळेना, तरी देवळाबाहेरची वाफाळती इडली आबांनी लांबूनच बघितली. "तांदूळच हाय त्यो," म्हणाले. "आपल्या खाचरात इंद्रायणी कमी पिकतो का?"

तर अशा माणसाला जहाजाचं कसं सुचलं? त्यांना सुचलंच नव्हतं. लेक राजेश्वरी तळेगावला कंपनीत नोकरीला. आबांना पासष्टावं लागलं म्हणून तिनं आईवडिलांची तिकिटं काढली: मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. खोली तिकिटात, नाश्ता-जेवण तिकिटात. पैसे लेकीनं भरलेत हे कळल्यापासून आबांना समुद्राविषयी फार माया वाटू लागली होती. पण कालच्या फोनवर लेक एक वाक्य जास्तीचं बोलली.

"आबा, कॉफी, सरबत, फोटो, कपडे धुणं, हे सगळं वेगळं पडतं हां तिथं. वरखर्चाला पंधराएक हजार असू द्या हाताशी. आईला तिच्या मनासारखं काही घेऊ दे."

पंधरा हजार ऐकल्यावर आबांनी फोन कानापासून असा लांब धरला, जसा काही तव्यावरून उचललाय.

आता पुढ्यात रेल्वेची जुनी डायरी उघडी होती आणि आबांच्या कानावरची पेन्सिल हातात आली होती.

"पाणी. शून्य. घरनं दोन कॅन न्यायची."

"नेऊ देत्याल व्हय?"

"पाण्यातच चाललोय, पाण्याला कोन नको म्हनंल? कॉफी शून्य. धुणं शून्य, दोन जोड जास्तीचं घ्यायचं. सरबत शून्य, खोकला व्हतो. नोकरांची बक्षिसी..."

इथं पेन्सिल अडखळली. जहाजावर माणशी रोज तीनशे रुपये बक्षिसीचे आपोआप कापून घेतात, ते काही चुकत नाही, असं राजेश्वरीनं बजावून सांगितलं होतं. तीनशे, दोन माणसं, तीन दिवस.

"अठराशे!" आबा ओरडले. "कशापायी? मी चौतीस वर्सं रूळ ठोकलं. वरनं हजारो गाड्या गेल्या. एका तरी मान्सानं खिडकीतनं हात काडून बक्षिसी दिली का मला?"

"तुमी खाली हाय, ह्ये वरच्याला कसं कळायचं?"

"तेच म्हन्तो. मंग ह्यांचं मला का कळावं?" अठराशे त्यांनी लिहिले, पण इतके बारीक लिहिले की डोळ्यांना त्रास व्हावा. "आता तुझं सांग. लेक म्हनली, आईच्या मनासारखं. बोल. मी काय न्हाई म्हनत न्हाई."

शालूबाईंनी मनात एकच गोष्ट धरली होती. ती त्यांनी सांगितली.

"फोटू. दोगांचा. जहाजावर फोटूवाला असतोय म्हनं, चांगल्या कागदावर छापून देतोय. त्येवढा एक घ्यायचा. मला बाकी काय बी नको."

लग्नाला सदतीस वर्षं झाली होती आणि घरात दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला ठरत होता, तो आबांनी ऐनवेळी मोडला. "सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय की लगीन. परत काय बघायचं?" पुढं लेकीच्या लग्नात फोटो निघाले ते लेकीचे, हे दोघं पंगतीत वाढत होते. एक जोडफोटो मात्र निघाला होता. पेन्शनच्या कागदांना नवराबायकोचा एकत्र फोटो लागतो, तो लोणावळ्याला जाऊन काढावा लागला. त्यात आबा मेलेल्यासारखे ताठ आणि शालूबाईंचे डोळे मिटलेले. त्याच्या प्रती निघाल्या तीन, तिन्ही साहेबाच्या फायलीला डकवल्या. घरात आला नाही.

"फोटू हाय की आपला," आबा म्हणाले. "पेन्शनच्या फायलीत. सरकार सांबाळतंय, फुकट." आणि फोटोपुढं त्यांनी एक गोल, सुबक, सावकाश शून्य काढलं.

शालूबाई उठून आत गेल्या. त्या दिवशी गणपतीचं पोट इतकं घासलं गेलं, की देवघरात दिवा लावायच्या आधीच उजेड पडला.

पण अठराशे आबांना झोपू देईनात. आणि मग त्यांना रीत आठवली. मावळात कुणी यात्रेला निघालं की घराघरातून त्याच्या हातावर वाटखर्ची ठेवतात. कुणी अकरा, कुणी एक्कावन्न, कुणी एकशेएक. 'आमच्या नावानं देवापुढं ठेवा' म्हणायचं आणि पाया पडायचं. ज्याला जायला जमत नाही त्याचं दर्शन त्या पैशानं घडतं, असा भाव. परत आल्यावर यात्रेकरूनं त्या सगळ्या घरांना प्रसाद द्यायचा आणि मावंदं घालायचं, म्हणजे गावजेवण. रीत देखणी आहे. आबांनी तिच्यातला पहिला अर्धा भाग तेवढा उचलला.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर त्यांनी बातमी सोडली: आपण दोघं समुद्रमार्गे गोव्याच्या शांतादुर्गेला निघालोय.

पारावर भिकाजी होते. आबांच्या शेजारचं घर त्यांचं आणि आबांच्या वयाचेच. त्यांनी तंबाखू मळता मळता समोर कार्ल्याच्या डोंगराकडं हनुवटी केली.

"भाऊ, समोर एकवीरा बसलीया. तिच्या पायऱ्या चढायला तुमास्नी गुडगं न्हाईत. आन् गोव्याच्या देवीला गुडगं हाईत व्हय?"

"तिनंच बोलावलंय म्हनल्यावर?"

"कशावर? फोनवर?"

पार हसला. पण देवीचं नाव निघाल्यावर मावळातला माणूस टवाळी तोंडानं करतो आणि हात खिशात घालतो. संध्याकाळी भिकाजींच्या घरून पहिले एक्कावन्न आले, हळदीकुंकू लावून. मग ओघच लागला. पाटणहून मावसभाऊ आले, मळवलीहून सोयरे आले. स्टेशनापाशी बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या जैतुनबी आल्या. त्यांनी शालूबाईंच्या मुठीत शंभराची नोट कोंबली.

"शालूबाय, पाण्यावरनं चाललीस, सांबाळून जा. माझं ह्ये देवळात नको ठिवू, तितल्या एखाद्या म्हातारीच्या हातावर ठेव. पोचलं म्हनून समजीन मी."

त्रेचाळीस घरं झाली. शालूबाई लिहीत नव्हत्या, पण कुणाचे किती ते त्यांना तोंडपाठ झालं. मंगळवारची आरती पाठ असते तसं. नोटा त्यांनी लाल खणाच्या पिशवीत घालून देवघरात ठेवल्या. तिथून त्या आबांनी उचलल्या, मोजल्या आणि डायरीत लिहिलं: जमा, चार हजार दोनशे तेरा.

शालूबाईंनी तो शब्द वाचला. "जमा? अवो, देवीचं पैसं हायेत ते."

"मंग देवीकडंच चाललोय न्हवं?"

"सगळं तिच्यापुढं ठिवायचं."

"ठिवू की. किती ठिवायचं ते माझ्यावर सोड." आबांनी डायरी मिटली. "देव भावाचा भुकेला असतोय, पैशाचा न्हाई."

भावाचा भुकेला हे खरं. पण आपल्या नफ्यासाठी देवाला उपाशी ठेवताना माणसाला हे वचन जितक्या चटकन आठवतं, तितक्या चटकन एरवी आठवत नाही.

आबांचे स्वतःचे पैसेही बरोबर होते. साडेसात हजार, पाचशेच्या पंधरा नोटा, बनियनला आतून शिवलेल्या खिशात. अडीअडचणीला. तो खिसा शालूबाईंनीच शिवला होता, म्हणून त्यांना माहीत. नाहीतर आबांनी ते बनियनलाही कळू दिलं नसतं.

पासावर मुंबई गाठली. बंदरात शिरतानाच पाण्याची दोन्ही कॅन काढून घेतली गेली, तेव्हा आबांचा चेहरा असा झाला, की मागच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? आत एका लांबलचक टेबलापाशी रांग होती. जहाजावर रोकड चालत नाही, असं तिथं कळलं. सगळा खर्च एका कार्डावर, आणि त्या कार्डात आधीच कमीत कमी चार हजार भरायचे.

चार हजार. आबांचा हात बनियनकडं गेला आणि मधूनच वळून लाल पिशवीकडं आला.

"अवो, काय करताय?"

"तात्पुरतं."

"देवीचं हायेत!"

"अगं, अठराशे बक्षिसीचं कापलं तर बाकीचं बावीसशे उतरताना परत मिळत्याल की. रेल्वेत अनामत ठिवली तर परत मिळती. चौतीस वर्सं काडलीत मी, मला शिकवू नको."

मागून रांग ढकलत होती. कोट घातलेल्या एका पोरीनं पिशवीतल्या नोटा मोजून घेतल्या. दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या, घामाच्या आणि घडीच्या. मोजून होईस्तोवर तिची बोटं हळदीनं पिवळी झाली. तिनं ती टिपकागदाला पुसली आणि आबांच्या हातात एक गुळगुळीत कार्ड दिलं. त्रेचाळीस घरांच्या नमस्कारातलं पिशवीत उरलं ते दोनशे तेरा. आबांनी मनातल्या मनात हे दोनशे तेरा देवीच्या नावे लिहून टाकले.

जहाज म्हणजे भाजे गाव उभं केल्यासारखं, मजल्यावर मजले. खोली आवरायला आली ती बाई निघाली सुदुंबऱ्याची, अनिता नावाची. मावळातली माणसं बघून तिला इतका आनंद झाला, की तिनं शालूबाईंचे पायच धरले. सासूकडं लेकरू ठेवून सहा-सहा महिने पाण्यावर असते म्हणाली. आबा बाहेर गेल्यावर तिनं सहज विचारलं, "मावशी, कार्डात किती भरलं?"

"चार हजार."

"मग काय हवं ते घ्या बरं का. उरलं तर बुडतं. परत न्हाय देत ते, लिहिलेलंच असतं बारीक अक्षरात. आबांना सांगून ठेवा."

"सांगते हां," शालूबाई म्हणाल्या.

आणि सांगितलं नाही. शालूबाई जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. पण गप्प बसणं खोट्यात धरत नाहीत, यावर त्यांची श्रद्धा होती.

दुसरा दिवस सगळा समुद्रावर गेला. आबांनी सकाळी उठून खोलीतल्या चादरींच्या घड्या स्वतः घातल्या. "आपन आवरलं तर बक्षिसी कमी कापत्याल का, इचार त्या पोरीला." नाश्त्याला ते तासभर बसले; तिकिटात आहे म्हटल्यावर तिकीट वसूल होईपर्यंत उठायचं नाही. दुपारी पोट धरून झोपले. कॉफीच्या टपरीपुढून जाताना तोंड समुद्राकडं वळवायचे, कपाचे दोनशेवीस रुपये डोळ्यांना दिसू नयेत म्हणून.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर फोटोवाला आडवा आला. "काका, काकू, एक फोटो?"

"नको."

"काढायला पैसे नाहीत, काका. आवडला तरच घ्यायचा."

काढायला पैसे नाहीत म्हटल्यावर आबा एकदम कठड्याला टेकून उभे राहिले, टोपी सरळ केली. शालूबाईंनी हिरव्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. "जवळ या थोडे," फोटोवाला म्हणाला. "काका, हात ठेवा खांद्यावर." आबांनी ठेवला. तोही फुकट होता. वाऱ्यानं शालूबाईंचा पदर उडाला, आबा टोपी धरायला गेले, टोपी सुटली, दोघं एकदम हसले, आणि त्या यंत्रातून खट्कन आवाज आला.

रात्रीच्या जेवणाआधी तो फोटो शेकडो फोटोंबरोबर भिंतीवर लागला. खाली किंमत: साडेबाराशे. "शून्य," आबा म्हणाले आणि चालू लागले. शालूबाई मात्र त्या फोटोपाशी तीनदा जाऊन आल्या. बघायला पैसे नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोवा आलं. लोक उतरायला लागले आणि आबा आरामखुर्चीत पाय पसरून बसले.

"चला," शालूबाई म्हणाल्या. हातात ओटीची पिशवी.

"कुटं? देऊळ फोंड्याकडं हाय, लांब. अठ्ठावीसशे मागतोय टॅक्सीवाला, मी इचारलं. हितनंच हात जोडू. समुद्र काय, देवी काय, एकच. त्ये दोनशे तेरा हाईत, ते येताना मुंबईत एखाद्या देवळात..."

शालूबाई उतरायच्या दारापाशी गेल्या. तिथं शंभरएक माणसांची रांग होती. त्या रांगेच्या मधोमध उभं राहून त्यांनी आरतीच्या आवाजात सुरू केलं.

"भिकाजी, एक्कावन्न! जानू, एकशेएक! सीताराम गुरव, अकरा! पाटणचं मावसभाऊ, दोनशेएक! वरच्या आळीची हिराबाई, एक्कावन्न, तिच्या सुनंला पोर व्हावं म्हनून! जैतुनबी, शंभर..."

"अगं, गप! काय करतीयास?"

"देवीला नावं सांगतीया. तुमीच म्हनला, हितनंच हात जोडू. मंग हितनंच सांगाया पायजेत की. अजून सदतीस घरं हाईत."

रांगेतल्या एका गृहस्थानं विचारलं, "काय झालं, ताई?" शालूबाईंनी तोंड उघडलं, आणि आबांनी बनियनमध्ये हात घातला.

अठ्ठावीसशेची टॅक्सी झाली. गाडीत आबा मीटर शोधत होते, ते नव्हतं. देवळात शालूबाईंनी हात पुढं केला. आबांनी दोनशे तेरा दिले. हात तसाच राहिला. मग पाचशेची एक नोट आली. मग एक. अशा आठ आल्या, आणि प्रत्येक नोटेबरोबर आबांच्या घशातून एक आवाज आला. शालूबाईंनी देवीपुढं ओटी भरली, त्रेचाळीस घरांची नावं एकेक करून घेतली, आणि नाव घेऊन ठेवायचं तेवढं ठेवलं. फक्त जैतुनबींचे शंभर वेगळे काढले. बाहेर पायरीवर बसलेल्या एका म्हातारीच्या हातावर ते ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्या मळवलीच्या बाईनं धाडलंय." म्हातारीला मळवली कुठली ठाऊक, पण तिनं नोट डोळ्यांना लावली.

ओटी, नारळ, फुलं आणि प्रसादाचे पुडे, साडेतीनशे. बनियनमध्ये राहिले साडेतीनशे. आबा परतताना काचेबाहेर बघत होते. काजूची दुकानं एकामागून एक मागं पळत होती आणि त्यांच्यापासून तोंड वळवायचीही आबांना गरज उरली नव्हती.

"तरी बरं," जहाजावर चढताना ते म्हणाले. "कार्डात बावीसशे हाईत. उद्या ते परत मिळत्याल. म्हंजी..." आणि डायरीत मांडू लागले.

चौथ्या दिवशी सकाळी मुंबई दिसू लागली. आबा सगळ्यांच्या आधी जहाजातल्या कार्डाच्या टेबलापाशी जाऊन उभे. मोजून बावीसशे परत द्या म्हणाले. हळदीची बोटं झालेली तीच पोरगी होती. तिनं हसून, नम्रपणे, कार्डाच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं. उरलेली रक्कम परत मिळत नाही.

"रेल्वेत मिळती!" आबा म्हणाले.

ती म्हणाली, हे जहाज आहे.

बावीसशे बुडायच्या आत काहीतरी घ्यावं म्हणून आबा दुकानांकडं धावले. बंदर जवळ आल्यावर दुकानांची दारं लागली होती. उघडं होतं ते कॉफीचं टेबल आणि फोटोची भिंत. तिथं एक माणूस न घेतलेले फोटो उतरवून पेटीत भरत होता.

शालूबाई आधीच तिथं उभ्या होत्या. हातात फोटो.

"साडेबाराशे," त्या म्हणाल्या. "न घेतल्यालं फाडून टाकत्यात म्हनं. बुडवायचं का घ्यायचं, तुमी ठरवा."

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा ही बाई त्यांना न कळालेली वाटली. "तुला ठाऊक हुतं?"

"मला काय ठाऊक? चौतीस वर्सं रेल्वेत तुमी हुता."

कार्ड घासलं गेलं. साडेनऊशे उरले. मग जो माणूस चौतीस वर्षं फलाटावरचा चहा प्यायला नाही, तो उभ्या उभ्या कॉफीचे कप पिऊ लागला. शालूबाईंनी एक घेतला, सावकाश, बशीत ओतून. आबांनी तीन घेतले, औषधासारखे. आठशेऐंशी संपले. उरलेल्या सत्तर रुपयांत कपही येईना, अर्धा कप ते देईनात, आणि शिट्टी वाजली. ते सत्तर रुपये समुद्रात राहिले. आबा आजही टीव्हीवर जहाज दिसलं की चॅनेल बदलतात, ते गेलेल्या सात हजारांमुळं नाही, सत्तरांमुळं.

भाज्यात पोचले तेव्हा पारावर माणसं जमलेलीच होती. शालूबाईंनी सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. जैतुनबी स्टेशनातच भेटल्या होत्या. त्यांना म्हातारीनं नोट डोळ्यांना लावली ते सांगितलं, तेव्हा त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

भिकाजींनी प्रसाद तोंडात टाकला, चघळला आणि विचारलं, "भाऊ, मावंदं कंदी?"

आबा तयार होते. हे उत्तर त्यांनी जायच्या आधीच करून ठेवलं होतं. "मावंदं कशाचं? लेकीनं सहलीला धाडलं हुतं. जाता जाता देवीचं दर्शन झालं इतकंच. सहलीचं मावंदं असतंय का कुटं?"

"जाताना यात्रा, येताना सहल?" भिकाजी म्हणाले. "मधीच रूळ बदलला व्हय, चावीवाले?"

पार असा हसला की मारुतीमागची कबुतरं उडाली. आबांनी तोंड उघडलं. पण उत्तर आलं ते शालूबाईंकडून.

"मंगळवारी हाय मावंदं," त्या म्हणाल्या. "त्रेचाळीस घरं, चूलबंद आवतान. पुरनपोळी."

"किती?" आबांचा आवाज फाटला. चूलबंद आवतण म्हणजे त्या घरात चूल पेटायची नाही; लेकराबाळांसकट, सगळी.

"पेन्शन परवा जमा झालीया, मला ठाऊक हाय. तुमी डाळगुळाचं बघा." आणि पुढं त्यांनी आवाज खाली आणला, फक्त आबांना ऐकू जाईल इतपत. "न्हाईतर मी देवीचं पैसं कार्डात कसं गेलं, ते बी सांगते सगळ्यास्नी. त्ये ऐकायला जेवन बी नको लागायचं त्यास्नी."

आबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि डायरीत लिहू लागले. चण्याची डाळ, गूळ, वेलची. या वेळी शून्य कुठंही पडलं नाही.

घरी आल्यावर शालूबाईंनी फोटो देवघराशेजारच्या भिंतीला लावून बघितला. हिरवा पदर उडतोय, आबांच्या डोक्यावर टोपी नाही, दोघांचे दात दिसताहेत. त्यात आबा कंजूष दिसत नव्हते. फोटोत माणसाचा खिसा दिसत नाही, हीच त्याच्यातली गंमत.

मंगळवारी त्रेचाळीस घरं जेवायला येणार, म्हणजे तोवर तो भिंतीवर पक्का लागायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा उरकून शालूबाईंनी तो जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळला. आबांच्या बनियनमधले राहिलेले साडेतीनशे न विचारता कनवटीला लावले, आणि मळवली स्टेशनाकडं निघाल्या: लोणावळ्याला, जैतुनबींच्या भावाच्या, राजमहंमदच्या काचेच्या दुकानात, फोटोला चौकट करून घ्यायला.